कामशेतची घंटी

भाजलेल्या पापडावर बोट टेकवलं की मोडायच्या आधी तो किंचित दबतो आणि बारीक कुरकुरतो. त्या मुलाच्या खालच्या जबड्याचं हाड माझ्या अंगठ्याखाली तसंच दबलं. डावीकडे, अगदी मागच्या दाढेपाशी. जबड्याचं हाड चांगलं टणक असतं. ते पापडासारखं वाजायला लागलं, की आत कुणीतरी बरेच दिवस मुक्काम ठोकून आहे असं समजायचं.

श्रावणातला रविवार होता. आठवडाभर मी पुण्याकडच्या एका डेंटल कॉलेजात सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून बसते. तोंडातल्या गाठींचे तुकडे तपासून त्यांची नावं सांगायची, हा माझा धंदा. रविवारी सकाळी मात्र कामशेतला एका मैत्रिणीच्या दवाखान्यात बसते. नुसत्या काचेवरच्या तुकड्यांची फार सवय झाली की माणूस विसरायला होतं.

मुलगा चोवीस वर्षांचा, भाजे गावचा. रोज मळवलीला लोकल पकडायची, एक स्टेशन जायचं आणि लोणावळ्यात चिक्कीच्या भट्टीवर गुळाचा पाक करायचा. दोन वर्षांपासून डावा गाल भरत चालला होता. दुखत नव्हता, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. मग दाढ हलायला लागली. कुठंतरी ती काढून घेतली, गोळ्यांचे तीन कोर्स झाले, सूज जिथल्या तिथं. गावात कुणी म्हणालं गालफुगी, कुणी म्हणालं लग्नाचं वय झालं, अंग धरतोय पोरगा.

पूर्ण जबड्याचा एक्स-रे खिडकीकडे धरला. कपडे धुताना बादलीत साबणाचे फुगे एकमेकांना चिकटून बसतात, तसे काळे गोल हाडात दाटीवाटीनं बसले होते. शेजारच्या दाढेची मुळं कुरतडल्यासारखी आखूड झाली होती.

"मॅडम, कॅन्सर नाय ना?" आईनं विचारलं.

तपासणीचा तुकडा काढल्याशिवाय मी सहसा काही बोलत नाही. पण तिचा चेहरा बघून म्हणाले, "तसं वाटत नाही मावशी." झालं. तिनं एक्स-रे पिशवीत घातला, पदर सावरला आणि उठली. लावणी आटपायची राहिली होती, पाऊस चांगला होता. कॅन्सर नाही म्हटल्यावर दवाखान्यात बसून करायचं काय?

मला दोघांना पुन्हा बसवावं लागलं. असं मला बऱ्याचदा करावं लागतं. आपल्याकडे तंबाखू-मिश्रीमुळे तोंडाच्या कॅन्सरची भीती घराघरांत आहे, आणि ती खोटी नाही. पण त्या भीतीपायी बाकीच्या गाठींना कुणी विचारत नाही. पाठ्यपुस्तकात त्यांना 'सौम्य अर्बुद' म्हणतात, बोलताना डॉक्टर 'साधी गाठ' म्हणतात. सौम्य म्हणजे काय, तर ती सहसा अंगात दुसरीकडे पसरत नाही. जिथं आहे तिथं सौम्यपणे वागेल असं त्यात कुठंही म्हटलेलं नाही.

"मावशी, खाचरातला लव्हाळा कसा काढता?"

"वरनं उपटून काय उपेग? खालचा गड्डा ऱ्हायला की आठ दिवसांत परत हाय तसा."

तिनं माझं काम सोपं केलं. या गाठीचं नाव अमेलोब्लास्टोमा. एक्स-रेत जिथं कडा दिसते तिथं ती संपलेली नसते. तिचे बारीक कोंब हाडाच्या जाळीत पुढे घुसलेले असतात. आतून नुसती खरवडून काढली तर अर्ध्याहून जास्त वेळा ती परत येते, कधी दहा वर्षांनीसुद्धा. म्हणून सर्जन दिसणाऱ्या कडेच्या पुढचं एक ते दोन सेंटिमीटर चांगलं हाडही कापून काढतात. म्हणजे ज्या गाठीला आपण साधी म्हणतो, तिच्यापायी चोवीस वर्षांच्या पोराचा अर्धा जबडा जातो.

तुकडा काढला. पुढच्या आठवड्यात तो माझ्याच टेबलावर आला.

काचेवर अमेलोब्लास्टोमा बघणं हा एक देखणा प्रकार आहे. गाठ बघून असं म्हणू नये, पण आहे. गुलाबी माळावर निळ्या-जांभळ्या पेशींची बेटं. प्रत्येक बेटाच्या काठाला उंच, सडपातळ पेशी एका ओळीत बसलेल्या. एरवी अशा पेशींचं केंद्रक बुडाशी असतं. इथं ते बुडापासून लांब, आतल्या टोकाला सरकलेलं असतं. पंगतीतल्या सगळ्यांनी एकदम पाट मागे सरकवून बसावं, तशी ती रांग दिसते. आणि बेटाच्या मध्यभागी पिंजलेल्या कापसासारख्या विरळ पेशी.

हे चित्र मी कॉलेजच्या पहिल्या वर्षीही पाहिलं होतं, वेगळ्याच धड्यात. आईच्या पोटातल्या बाळाचा दात तयार होताना हुबेहूब असाच दिसतो. ओळीत बसलेल्या त्या उंच पेशी म्हणजे दातावरचं पांढरं कवच, इनॅमल, घडवणाऱ्या कारागीर. त्यांना अमेलोब्लास्ट म्हणतात, त्यावरून गाठीचं नाव. गाठीतल्या पेशी कारागिरांसारख्या रांगेत बसतात, पण इनॅमलचा एक कणही घडवत नाहीत. सगळी मांडामांड झाली आहे आणि लग्न काही लागत नाही, असा प्रकार.

दात कसा येतो ते इथं सांगायलाच हवं, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. गर्भ सहा आठवड्यांचा असताना तोंडाच्या अस्तराची एक पट्टी खाली हिरडीच्या जागेत उतरते. त्या पट्टीतल्या पेशी आणि खालच्या मऊ थरातल्या पेशी यांचं बोलणं सुरू होतं. हे बोलणं रसायनांचं. एक पेशी प्रथिनाचा एखादा रेणू सोडते, तो दुसरीच्या अंगावरच्या ग्राहकाला चिकटतो, आणि तिच्या आत काहीतरी हलतं. 'वाढ', 'थांब', 'वाक', 'कठीण हो', 'मर' असे हुकूम अशा रेणूंतून जातात. दाढेला चार उंचवटे हवेत की पाच, हेही त्यातूनच ठरतं. उंचवटा यायचा असतो तिथं पेशींचा एक छोटा पुंजका बसतो. तो स्वतः वाढत नाही. आजूबाजूच्यांना वाढायचे हुकूम देतो, आणि काम झालं की स्वतः मरून जातो. मला या पुंजक्याबद्दल फार आदर आहे. असे मुकादम माणसांत विरळा.

इनॅमल पुरं झालं की कारागीरही नाहीसे होतात. म्हणून तर किडलेल्या दाताचं कवच पुन्हा भरून येत नाही. पण बांधकाम संपल्यावर जागेवर चार विटा आणि वाळूचा ढीग उरतोच, तशा त्या जुन्या पट्टीतल्या काही पेशी हिरडीत आणि जबड्यात आयुष्यभर पडून राहतात. तुमच्याही आहेत, माझ्याही आहेत. बहुतेकांच्या मरेपर्यंत झोपून असतात. एखाद्याची मात्र जागी होते.

का जागी होते, हे दीडशे वर्षं कुणाला नीट सांगता येत नव्हतं. १८६८ मध्ये फ्रान्सच्या ब्रोका यांनी अशा गाठीचं वर्णन केलं, १८८५ मध्ये मालासे यांनी तिला एक नाव दिलं, १९३० मध्ये आजचं नाव रूढ झालं. नावं बदलत राहिली, कारण तेवढंच हातात होतं. उत्तर आलं २०१४ साली. आणि ते मला पहिल्याच वाचनात समजलं, याचं श्रेय माझ्या वडिलांना.

वडील रेल्वेत होते, लोणावळ्याला सिग्नल खात्यात. आम्ही रेल्वेच्या चाळीत वाढलो. रात्री घाटात गाडीला मागून रेटणाऱ्या बँकर इंजिनांच्या शिट्ट्या ऐकू आल्या नाहीत तर मला झोप लागत नसे. वडिलांना घाटातल्या आणि सपाटीवरच्या प्रत्येक घंटीचं बारसं जेवल्यासारखी माहिती. त्या काळी गाडी एका स्टेशनातून सुटली की पुढच्या स्टेशनला घंटी जायची. तो मास्तर तयारीला लागायचा, मग त्याच्या पुढच्याला घंटी. लोणावळा, मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव, तळेगाव. गाडी यायच्या आधी घंटी पोचलेली असायची.

पेशीच्या आत हुकूम असाच जातो. पुढच्या रविवारी मुलगा रिपोर्ट घ्यायला आला, तेव्हा त्याच्याच रोजच्या वाटेवरून मी त्याला सांगितलं. लोणावळा म्हणजे पेशीच्या कातडीवरचा ग्राहक. बाहेरून 'वाढ' असा निरोप आला की तो जागा होतो. तो मळवलीला घंटी देतो. त्या प्रथिनाचं नाव रॅस. मळवली कामशेतला कळवते, हे बी-रॅफ. कामशेत कान्ह्याला, ते मेक. कान्हे वडगावला; ते अर्क. अर्क शेवटी तळेगावात, म्हणजे पेशीच्या केंद्रकात शिरतं आणि तिथली जनुकं चालू करतं. पेशी दुभागते. निरोप थांबला की घंट्या थांबतात. जखम भरताना, बाळ वाढताना, दात घडताना हीच लाइन कामाला येते. या लाइनीत वाईट काहीच नाही.

"मग माझ्यात काय झालंय?"

"तुझ्यात कामशेतचा मास्तर बिघडलाय. लोणावळ्याहून गाडी सुटो न सुटो, हा आपला कान्ह्याला घंटी देतोय. दिवसरात्र."

तो हसला. गाल ताठ असल्यामुळे एकाच बाजूनं हसला.

आता ते २०१४. फिनलंडमधल्या तुर्कू विद्यापीठातली मंडळी अमेलोब्लास्टोमाच्या पेशी काचपात्रात वाढवत होती. पेशीच्या कातडीवरचा एक ग्राहक औषधानं बंद केला तर गाठीची वाढ थांबते का, हे त्यांना बघायचं होतं. काही रुग्णांच्या पेशी थांबल्या. एकाच्या काही केल्या थांबेनात. लोणावळा बंद, तरी तळेगावात गाड्या येतच होत्या! त्यांनी मधली स्टेशनं तपासली आणि कामशेतला चूक सापडली. मग त्यांनी बाकीच्या गाठी तपासल्या. २४ पैकी १५ गाठींत तीच चूक. त्याच वर्षी अमेरिकेत स्टॅनफर्डच्या गटानंही स्वतंत्रपणे तीच चूक पकडली. आता जगभरची आकडेवारी बघितली तर साधारण दहापैकी सहा-सात अमेलोब्लास्टोमांत ती असते, आणि खालच्या जबड्यातल्या गाठींत जास्त.

चूक केवढी? बी-रॅफ हे सातशेहून अधिक अमिनो आम्लांच्या मण्यांची माळ आहे. त्यातला सहाशेवा मणी बदललेला. व्हॅलिनच्या जागी ग्लुटामिक आम्ल. म्हणून त्या चुकीला व्ही-६००-ई म्हणतात. जनुकाच्या लिपीत बघितलं तर एकच अक्षर चुकलेलं. त्या एका मण्यामुळे प्रथिनाची खिट्टी 'चालू'वर अडकते आणि त्याचं काम कित्येक शे पटींनी वाढतं.

उरलेल्या गाठींपैकी बऱ्याच जणींत याच लाइनीवरचं दुसरं एखादं स्टेशन बिघडलेलं निघतं. कुठं मळवली, कुठं खुद्द लोणावळा. पण एका गाठीत सहसा एकच स्टेशन बिघडलेलं असतं, दोन नाही. वडील असते तर म्हणाले असते, दोन कशाला लागतात? एक मास्तर वेडा झाला की अख्खी लाइन गेली.

हीच चूक, हाच सहाशेवा मणी, त्वचेच्या मेलानोमा नावाच्या जहाल कॅन्सरमध्येही सापडतो. तिथं तो २००२ मध्येच सापडला होता. हे वाचलं की लोक घाबरतात. त्यांना मी लगेच दुसरी गोष्ट सांगते: अंगावरच्या साध्या काळ्या तिळांतही बहुतेक वेळा तीच चूक असते. तुमच्या हनुवटीवरच्या, ज्याला घरचे सौंदर्य म्हणतात, त्या तिळातसुद्धा असेल. तीळ थोडा वाढतो आणि थांबतो, कारण बेताल घंटी ऐकून पेशीच स्वतःला कुलूप लावून घेते. कॅन्सर व्हायला अशी एकच चूक पुरत नाही, आणखी बऱ्याच राखणदारांना झोपवावं लागतं. त्यामुळे रिपोर्टवर 'बी-रॅफ पॉझिटिव्ह' लिहिलेलं दिसलं म्हणून इंटरनेटवर शोधाशोध करून रात्रभर रडत बसू नये. एक शिक्षिका बसली होती. तिनं मला पहाटे पाचला फोन केला.

वरच्या जबड्यातल्या गाठींची कथा बऱ्याचदा वेगळी निघते. तिथं दुसरी लाइन बिघडलेली असते, आणि तिच्या नावाची गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९८० मध्ये जर्मनीत नुसलाइन-फोलहार्ड आणि विशाउस हे दोघे फळमाश्यांच्या अळ्यांत कुठलं जनुक बिघडलं की काय होतं ते तपासत होते. एका जनुकाविना अळी आखूड झाली आणि तिच्या अंगभर काटे आले. म्हणून त्याचं नाव ठेवलं हेजहॉग, म्हणजे युरोपातला तो काटेरी छोटा प्राणी. पुढे माणसात त्याची भावंडं सापडली, त्यातल्या एकाला चक्क व्हिडिओ गेममधल्या पात्राचं नाव मिळालं: सॉनिक हेजहॉग. त्या दोघांना १९९५ मध्ये नोबेल मिळालं, गेमवाल्याला अर्थात नाही. पोटातल्या बाळाचा दात कुठं उगवायचा, तिथं पहिला हुकूम देणाऱ्यांत हे सॉनिक हेजहॉग असतं.

या लाइनीची रीत उलटी आहे, आणि ती समजायला घाटात उतरावं लागेल. लोणावळ्याहून कर्जतला उतरताना बोरघाटात सदतीस फुटांना एक फूट असा उतार आहे. ब्रेक गेलेली गाडी तिथं कुणाच्या बापाला ऐकणार नाही. म्हणून घाटात कॅच सायडिंग असतात. मुख्य रुळाला फुटलेला, चढावर जाऊन संपणारा एक फाटा. त्याचे पॉइंट नेहमी त्या फाट्याकडेच लावलेले असतात. गाडी ताब्यात आहे हे कळलं की मगच ते फिरवून मुख्य लाइन द्यायची. वडील म्हणायचे, घाटात आधी 'नाही' असतं, 'हो' कमवावं लागतं.

हेजहॉगच्या लाइनीवर हे 'नाही' म्हणणारं प्रथिन म्हणजे पॅच्ड. ते स्मूदन्ड नावाच्या दुसऱ्या प्रथिनाला सतत दाबून धरतं. हेजहॉगचा निरोप आला की पॅच्ड हात काढून घेतं आणि स्मूदन्ड मोकळं सुटतं. आता बिघाड दोन तऱ्हेनं होऊ शकतो. एक तर स्मूदन्ड असं बदलतं की दाबलं तरी दबत नाही. वरच्या जबड्यातल्या बऱ्याच अमेलोब्लास्टोमांत हे सापडलं. किंवा पॅच्डच नाहीसं होतं. मग जबड्यात वेगळाच रोग दिसतो, केराटोसिस्ट. त्या पोकळीत सुई घातली की चक्क्यासारखा पांढरा घट्ट गोळा येतो. ही सिस्ट की गाठ, यावर तज्ज्ञांचं कधी एकमत झालं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २००५ मध्ये तिला गाठींच्या यादीत घातलं आणि २०१७ मध्ये परत सिस्ट केलं. आमच्या विद्यार्थ्यांच्या दोन पिढ्यांनी एकाच प्रश्नाची दोन उत्तरं लिहून पूर्ण गुण मिळवले.

वडगावच्या एका बाईंच्या जबड्यात अशा चार पोकळ्या निघाल्या. मी त्यांना तळहात उघडायला सांगितलं. तळव्यावर टाचणीनं टोचल्यासारखे बारीक खड्डे होते. मुलालाही दाखवायला आणा म्हटलं. पॅच्डची एक प्रत जन्मापासूनच बिघडलेली असली की जबड्यात अनेक केराटोसिस्ट, तळव्यावर खड्डे आणि पुढे त्वचेच्या गाठी असा संच दिसतो. त्याला गॉर्लिन सिंड्रोम म्हणतात, आणि तो आईबापांकडून मुलांकडे जाऊ शकतो. दाताच्या डॉक्टरनं तळहात बघितले म्हणून बाई आधी चमकल्या. मी ज्योतिष बघते की काय, असं त्यांना वाटलं असावं.

स्मूदन्डला थोपवणारं रसायन माणसानं शोधलं नाही, मेंढ्यांनी शोधलं. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात १९५० च्या दशकात कपाळाच्या मधोमध एकच डोळा असलेली कोकरं जन्माला यायला लागली. धनगर हवालदिल. शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं माग काढला, तेव्हा कळलं की गाभण मेंढ्या डोंगरातली एक रानटी वनस्पती खात होत्या. तिच्यातलं द्रव्य हेजहॉगची लाइन बंद पाडतं, आणि ती लाइन बंद पडली की गर्भाचा चेहराच नीट दुभागत नाही. त्या धाग्यावरून पुढे अशी लाइन रोखणारं औषध तयार झालं, ते २०१२ पासून त्वचेच्या एका कॅन्सरसाठी वापरात आहे. गॉर्लिनच्या रुग्णांना ते दिलं तेव्हा जबड्यातले केराटोसिस्टही आकसलेले दिसले.

मात्र कुठली घंटी अडकली एवढ्यावरून गाठीचा स्वभाव ओळखता येत नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलींना वरच्या सुळ्याभोवती अडेनोमॅटॉइड नावाची एक गाठ होते. तिच्यात बऱ्याचदा मळवली बिघडलेली असते, म्हणजे कामशेतच्या अगदी शेजारचं स्टेशन. पण ही गाठ फणसाच्या गऱ्यासारखी अलगद सुटून येते आणि सहसा परत येत नाही. लाइन तीच, पण कुठल्या पेशीत, कुठल्या वयात वाजते त्यावर सगळं अवलंबून.

मुलानं मला विचारलं होतं, "मॅडम, ती हाड खाते कशी? दात असतात का तिला?"

चांगला प्रश्न. गाठ स्वतः हाड खात नाही, ती सुपारी देते. आपल्या हाडांत जुनं हाड मोडणाऱ्या पेशी असतातच. रोज थोडं मोडायचं आणि दुसऱ्यांनी थोडं बांधायचं, असं अंगात कायम चालू असतं. गाठ आजूबाजूला रँक-एल नावाचा निरोप वाढवते, की या मोडणाऱ्या पेशींची फौज तिथं जमा होते. त्या रस्ता करतात, गाठ मागून सरकते. बाहेरून हाडावरचं आवरण नवा पातळ थर चढवत राहतं, म्हणून जबडा फुगतो आणि त्याचा पापड होतो.

आता मुद्द्याचं. कामशेतचा बिघाड आहे हे कळून त्या पोराला काय मिळालं?

कामशेतची आणि कान्ह्याची घंटी बंद करणारी औषधं आहेत, डॅब्रॅफेनिब आणि ट्रॅमेटिनिब. मेलानोमासाठी ती आधीपासून होती. २०१५ च्या सुमारास फ्लोरिडा विद्यापीठाच्या डॉक्टरांनी फुप्फुसापर्यंत गेलेल्या अमेलोब्लास्टोमाच्या एका रुग्णाला ही जोडी दिली आणि गाठी वितळल्यासारख्या लहान झाल्या. इस्रायलमध्ये मोजक्या रुग्णांना आधी औषध देऊन गाठ लहान केली आणि मग छोट्या ऑपरेशनवर भागवून जबडा वाचवला. २०२२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं ही जोडी, ऑपरेशन शक्य नसलेल्या किंवा पसरलेल्या, व्ही-६००-ई असलेल्या बहुतेक घन गाठींसाठी मान्य केली. गाठ कुठल्या अवयवाची यापेक्षा कुठली घंटी अडकली याला महत्त्व आलं.

पण औषध महाग, महिनोन्‌महिने घ्यायचं, ताप येतो, आणि बंद केलं की घंटी पुन्हा वाजू शकते. जिथं ऑपरेशन होऊ शकतं तिथं आजही ऑपरेशन हाच पहिला उपचार. मी मुलाला आणि आईला हे सगळं सांगितलं, काही न लपवता. आईनं हिशेब लगेच केला. "म्हंजी आत्ता कापायचंच." हो, आत्ता कापायचंच. पण पुन्हा कधी उगवली, आणि कापायला जागा उरली नसली, तर तो रिपोर्ट कामाला येईल. म्हणून तो घरात रेशनकार्डाशेजारी ठेवायचा.

त्या रिपोर्टासाठी मी एक काळजी घेते, ती ठेच खाऊन शिकलेली. हाडाचा तुकडा जसाच्या तसा कापता येत नाही, आधी आम्लात भिजवून मऊ करावा लागतो. काही वर्षांपूर्वी पवनानगरकडच्या एका रुग्णाचा सगळाच्या सगळा तुकडा मी जोरकस आम्लात टाकला. लवकर काम व्हावं म्हणून. नंतर बी-रॅफची तपासणी करायला गेले तर डीएनएचा चुरा झालेला, निकाल कोरा. त्या माणसाला भर पावसात दोन एसट्या बदलून पुन्हा यावं लागलं, पुन्हा सुई, पुन्हा एका दिवसाची मजुरी बुडाली. चूक माझी होती, त्यानं मात्र एका शब्दानं विचारलं नाही. तेव्हापासून तुकडा आला की आधी चिमट्यानं मऊ भाग वेगळा काढते आणि तो आम्लाजवळ फिरकूही देत नाही.

भाज्याच्या पोराच्या मऊ तुकड्यावर चुकीचं प्रथिन ओळखणारा रंग घातला, तेव्हा पंगतीतली प्रत्येक पेशी दालचिनीच्या रंगाची झाली. आजूबाजूचा माळ निळसर, स्वच्छ. चूक कुठं आहे आणि कुठं नाही, हे इतकं लख्ख क्वचितच दिसतं.

ऑपरेशन नऊ तास चाललं. डाव्या बाजूचं हाड काढलं आणि त्या जागी त्याच्याच पायातलं हाड बसवलं. गुडघ्याखाली दोन हाडं असतात, त्यातलं बाहेरचं सडपातळ. शरीराचं बहुतेक ओझं दुसरंच हाड पेलतं, म्हणून हे देता येतं. ते रक्तवाहिनीसकट काढून, तुकड्यांत कापून, जबड्याच्या वळणात जोडतात आणि ती वाहिनी मानेतल्या वाहिनीला सूक्ष्मदर्शकाखाली शिवतात. पोराला जबड्यापेक्षा पायाची काळजी जास्त. लोहगडावर चढता येईल का, एवढंच तो विचारत होता. पुढच्या उन्हाळ्यात चढला. वरून फोटो पाठवला, त्यात जबडा दिसतच नव्हता, सगळी गडाची सोंड, विंचूकाटा.

काढलेल्या हाडाच्या चारही कडा मी तपासल्या. कोंब नव्हते.

त्याला तीन वर्षं झाली. डावीकडे दात अजून नाहीत. पायाच्या हाडात स्क्रू बसवून ते लावायचे आहेत, पैसे जमताहेत. दर सहा महिन्यांनी तो एक्स-रे घेऊन येतो, भट्टीवरून थेट, अंगाला गुळाचा वास. गेल्या रविवारी चिक्कीचा पुडा घेऊन आला. पाक कडक उतरला का हे बघायला थेंब पाण्यात टाकून दाताखाली फोडायचा असतो. ते काम मालकानं वर्षभर दुसऱ्याला दिलं होतं. आता परत त्याच्याकडे आलंय.

"कुठल्या बाजूनं फोडतोस?"

"उजव्याच," तो म्हणाला, आणि एक्स-रे खिडकीकडे धरला.